केसांतील लाली आणि दुरुस्तीची नोंद



फैजपूरचे नाव निघाले की बहुतेकांना १९३६ च्या डिसेंबरात येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन आणि त्याचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, एवढे शाळेतील मुलेही सांगतात. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव दुसऱ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी फैजपूरची ओळख दिली आहे ती सुती कापडावरील छपाई, गडद निळा रंग आणि लाल रंग यांमुळे. त्या काळी खानदेश-वऱ्हाडात लाल रंग आलच्या मुळांपासून मिळे आणि निळा रंग निळीच्या झाडापासून. तुरटीची पुटे देणे, रंगात बुडवणे, उन्हात वाळवणे आणि पुन्हा बुडवणे, असा तो धीराचा उद्योग होता.

जुन्या रंगाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे. कापडावर चढलेला पक्का रंग खरवडून काढता येत नाही. तो नको असेल तर त्यावर दुसरा योग्य रंग चढवून त्याचा प्रभाव शमवावा लागतो. लालावर निळीची बुडी दिली तर कापड जांभळट, काळसर होते. बुडी किती द्यायची, यावर छटा ठरते. आज या स्तंभात मी ज्या विषयावर लिहिणार आहे, त्याचे सारे मर्म या एका जुन्या शहाणपणात आहे. तो विषय म्हणजे तपकिरी रंगवलेल्या केसांतून डोकावणारी नकोशी लाली.

बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने केसांच्या रंगावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. विषय हलका वाटला तरी घराघरांत तो आहे. आपल्या व्यापारी कुटुंबांत पुरुष दिवसभर दुकानाच्या गादीवर ग्राहकांसमोर बसतात, स्त्रिया लग्नकार्यात, संघाच्या कार्यक्रमांत, तपाच्या पारण्याला चारचौघांत असतात. केस रंगवणारी माणसे प्रत्येक घरात आहेत. त्याविषयी मोकळेपणाने बोलणारी मात्र क्वचितच आढळतात. आणि जेथे मोकळेपणाने बोलले जात नाही, तेथे चुकीचा सल्ला लवकर पसरतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्या नात्यातील एका भाभींनी मुलीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी केसांना तपकिरी रंग लावला. घरातील ट्यूबलाइटखाली रंग सुरेख दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकाकडे जाताना उन्हात पाहिले, तर घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी लाली केसांवर पसरलेली. घाबरून त्यांनी त्याच दिवशी आणखी फिक्या तपकिरी रंगाची पुडी आणून लावली. लाली कमी होण्याऐवजी वाढली. मग शहरातील एका पार्लरमध्ये कोणी सांगितले की, ब्लीच करून सगळा रंग काढून टाकू. तेही झाले. टाळूची आग होऊ लागली, केस झाडूच्या काड्यांसारखे कोरडे झाले आणि लाली जाऊन नारिंगी झाक आली. लग्न पार पडले. पण त्या लग्नाच्या छायाचित्रांत वधूची आई कोठेही मध्यभागी नाही. डोक्यावरून पदर घट्ट ओढून ती प्रत्येक चित्रात कडेला, कोणाच्या तरी खांद्यामागे उभी आहे. ती छायाचित्रे पाहिल्यापासून हा विषय मला हलका वाटत नाही.

पाच दिवसांत दोन वेळा केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडली. असे का झाले, हे समजून घेऊ.

आपल्या केसांचा नैसर्गिक रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एक काळा-तपकिरी आणि दुसरा लालसर-पिवळा. आपल्याकडील काळ्या केसांत पहिला प्रकार भरपूर असल्याने दुसरा झाकलेला राहतो. बाजारातील टिकाऊ रंगात साधारणपणे अमोनिया किंवा तत्सम अल्क असतो, तो केसांवरील खवल्यांचे आवरण सैल करतो. सोबतच्या बाटलीतील हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून दोन कामे एकाच वेळी करतो. नवा रंग तयार होण्यास तो मदत करतो आणि केसांतील मूळचा काळा रंग थोडा उडवतो. काळा रंग उडताना केस एकदम तपकिरी होत नाहीत. आधी लाल, मग लाल-नारिंगी, मग नारिंगी आणि पुढे पिवळा अशा पायऱ्या लागतात. म्हणजे काळ्या केसांना तपकिरी करताना आपण आतील लाली उघडी करतो आणि वरून नव्या तपकिरी रंगाने ती झाकतो. काही आठवड्यांनी धुण्याने आणि उन्हाने वरचा तपकिरी रंग विटतो, आणि झाकलेली लाली वर येते.

आता भाभींच्या केसांचे कोडे उलगडते. आणखी फिका रंग आणला म्हणजे मूळ काळा रंग आणखी उडाला आणि आतील लाली अधिक उघडी पडली. शिवाय, आधी चढवलेला रंग नव्या रंगाने फिका होत नाही, हा या कामातील मूलभूत नियम आहे. रंगावर रंग लावून फिकेपणा मिळत नाही. डोक्याच्या उबेमुळे मुळाशी रंग लवकर काम करतो, म्हणून मुळांशी लाली भडक आणि टोकांशी केस काळपट, असा दुहेरी प्रकारही दिसतो.

पांढऱ्या केसांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत मेलॅनिनच नसल्याने पेरॉक्साइडने त्यांतून लाली निघत नाही. पांढऱ्या केसांवर लाली दिसते ती बहुधा मेंदीमुळे, किंवा निवडलेल्या रंगातच लाल छटा असल्यामुळे. पुडीवरील छायाचित्र पाहून रंग घेणाऱ्यांची येथेच फसगत होते. बरगंडी, महोगनी, कॉपर, ऑबर्न, चेस्टनट ही नावे लाल किंवा तांबूस छटेची आहेत. ॲश, मॅट, कूल ही नावे लालीच्या विरुद्ध बाजूची आहेत. अनेक कंपन्यांच्या पुडीवर अंकही असतात. पहिला अंक गडदपणा सांगतो. १ म्हणजे काळा, ३ ते ५ या तपकिरी छटा, आणि अंक वाढेल तसा रंग फिका. दशांश चिन्हानंतरचा अंक झाक सांगतो. बहुतेक ठिकाणी .१ म्हणजे ॲश आणि .४, .५, .६ म्हणजे तांबूस, महोगनी व लाल. कंपनीनुसार या अंकांत फरक पडतो, म्हणून पुडीवरील तक्ता वाचणे इष्ट. दहा रुपयांच्या बिलाची बेरीज दोनदा तपासणारे आपण व्यापारी लोक, डोक्यावर लावायच्या पुडीवरील दोन अंक न वाचता पैसे मोजतो, हे आश्चर्यच आहे.

मग लाली आलीच तर काय करावे? आपल्या वाचकांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर, रोजमेळात चुकीची नोंद झाली की चांगला मुनीम तेथे खोडाखोड करीत नाही, पान फाडत नाही. तो तारीख घालून उलट बाजूची दुरुस्तीची नोंद करतो आणि खाते सरळ करतो. केसांचेही तसेच आहे. ब्लीच म्हणजे पान फाडणे. योग्य मार्ग म्हणजे उलट नोंद.

चित्रकार रंगांचे एक चक्र मांडतात. त्या चक्रात लालासमोर हिरवा, नारिंगीसमोर निळा आणि पिवळ्यासमोर जांभळा येतो. समोरासमोरचे रंग एकत्र आले की एकमेकांचा भडकपणा शमवतात आणि तपकिरी-राखाडी छटा उरते. म्हणून केसांतील झाक नेमकी लाल आहे की नारिंगी, हे प्रथम ठरवावे. ते ट्यूबलाइटखाली ठरत नाही. सकाळच्या उजेडात, ओसरीवर किंवा गच्चीवर, केस कोरडे असताना पाहावे. लाल असेल तर हिरव्या आधाराचा रंग किंवा शांपू, नारिंगी असेल तर निळ्या आधाराचा. बाजारात जांभळा शांपू पुष्कळ मिळतो. तो पिवळेपणासाठी आहे, तपकिरी केसांतील लालीवर त्याचा उपयोग होत नाही. निळा किंवा हिरवा शांपू आठवड्यातून एखादवेळ, सांगितलेल्या मिनिटांपुरता वापरल्यास किरकोळ लाली बरीच मवाळ होते.

लाली अधिक असेल तर अल्पकाळ टिकणारा ॲश छटेचा रंग लावावा लागतो. पार्लरच्या भाषेत त्याला टोनर किंवा डेमी-परमनंट म्हणतात. त्यात अमोनिया नसतो किंवा अगदी कमी असतो, पेरॉक्साइडही सौम्य असतो आणि तो साधारण वीस-पंचवीस धुण्यांपर्यंत टिकतो. तो निवडताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गडदपणाचा अंक आत्ताच्या केसांइतका किंवा एक पायरी गडद असावा, फिका नसावा. पेरॉक्साइडच्या बाटलीवर १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्के, एवढीच शक्ती असावी. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के आणि ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के, तेथे पुन्हा मूळ रंग उडू लागतो. पांढरे केस बरेच असतील तर नुसता ॲश लावू नये, पांढऱ्या केसांवर तो राखट किंवा हिरवट दिसतो. त्यात त्याच अंकाचा नॅचरल रंग निम्मा मिसळावा. आणि चौथी गोष्ट अशी की, आधी कानामागील एका बटेवर लावून पाहावा, मगच डोक्यावर. दुरुस्तीनंतर केस पूर्वीपेक्षा किंचित गडद होणारच, हे आधीच मान्य करून बसावे. फिकेपणाही हवा आणि लालीही नको, असा हट्ट एकाच दिवशी धरला की ब्लीचचा सल्ला समोर येतो.

दोन रंगकामांमध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. भाभींना नंतर एका जाणत्या केशतज्ज्ञ बाईंनी हेच सांगितले. तीन आठवडे केवळ तेल आणि सौम्य शांपू, त्यानंतर टोकांना हात न लावता फक्त मुळांकडील भागावर टोनर. त्याने रंग ताळ्यावर आला. पण तोवर लग्न होऊन गेले होते. कार्य जवळ आले असेल तर रंगाचा नवा प्रयोग निदान महिनाभर आधी करावा, शेवटच्या आठवड्यात कधीच करू नये.

आता मेंदीकडे वळू, कारण आपल्या घरांतील अर्धीअधिक लाली मेंदीचीच असते. आपल्यापैकी अनेक ओसवाल कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे. पाली जिल्ह्यातील सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या आजोळची बातमी म्हणावी लागेल. मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते केसांतील प्रथिनाशी घट्ट जोडले जाते आणि केसांना नारिंगी-लाल करते. शुद्ध मेंदी फक्त हाच रंग देते. तपकिरी किंवा काळी मेंदी असे जे म्हणतात, त्यात एक तर दुसरी वनस्पती मिसळलेली असते किंवा रसायन.

ती दुसरी वनस्पती म्हणजे आपल्या जुन्या फैजपूरच्या ओळखीची नीळ. मेंदी धुतल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निळीच्या वाळलेल्या पानांची पूड लावली की नारिंगीवर निळा चढतो आणि तपकिरी छटा येते. मेंदीच्या लालीला हीच सर्वांत सरळ दुरुस्ती आहे. कृती अशी. पूड साध्या कोमट पाण्यात कालवावी, त्यात लिंबू, दही किंवा चहा घालू नये. चिमूटभर मीठ चालते. दहा-पंधरा मिनिटांत ती वापरावी, कारण हवेने तिची शक्ती जाते. केस तेल-कंडिशनर न लावता धुतलेले आणि ओलसर असावेत. अर्धा-पाऊण तास ठेवल्यास तपकिरी, अधिक वेळ ठेवल्यास काळपट छटा येते. नंतर नुसत्या पाण्याने धुवावे आणि दोन दिवस शांपू लावू नये. प्रारंभी केस हिरवट दिसतील. घाबरू नये, दोन-तीन दिवसांत हवेशी संयोग होऊन रंग खुलतो. पहिल्याच संध्याकाळी आरशासमोर निराश होऊन दुसरी पुडी उघडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

येथे आपल्या धर्मविचाराचा एक धागा सांगणे उचित होईल. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते, हे आपण प्रतिक्रमणात म्हणतो. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात लाक्षावाणिज्याचे विवेचन करताना लाखेबरोबर निळीचाही समावेश केला आहे. निळीची हिरवी झाडे हौदात कुजवून रंग काढताना असंख्य सूक्ष्म जीवांची हानी होते, हा त्यामागील विचार. केसांसाठी मिळणारी पूड ही वाळवून दळलेली पाने असतात, ती हौदात आंबवलेली नीळ नव्हे. हा भेद मी केवळ माहिती म्हणून नोंदवतो. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारून निर्णय घ्यावा.

मेंदी भिजवण्याबाबतही एक सूचना. ती लोखंडी कढईत रात्रभर ठेवण्याची चाल आहे. रात्रभर भिजवलेली ओली वस्तू वापरणे आपल्यापैकी अनेकांना जीवोत्पत्तीच्या विचाराने रुचत नाही. आणि खानदेशच्या हवेत त्याची गरजही नाही. येथील उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेथे दोन-तीन तासांत मेंदी रंग सोडते. लोखंडी कढईने रंगात काळपटपणा येतो, पण पुढे कधी पेरॉक्साइडचा रंग लावायचा असेल तर केसांत धातूचे अंश नसलेले बरे. पार्लरमध्ये मेंदीत अंडे मिसळण्याची पद्धतही आढळते, ते आधीच विचारून घ्यावे.

मेंदी लावलेल्या केसांवर ब्लीच करणे विशेष धोक्याचे आहे. काही मिश्र पुड्यांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग झाला की उष्णता निर्माण होते आणि केस तुटतात. नीळ लावलेल्या केसांवर ब्लीच केल्यास हिरवी झाक उरू शकते. म्हणून पार्लरमध्ये गेल्यावर मागील दोन-तीन वर्षांत काय काय लावले, हे न लाजता सांगावे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात; खांद्यापर्यंतच्या केसांच्या टोकांवर दोन-तीन वर्षांचा इतिहास साठलेला असतो. कर्ज देताना बँक मागील ताळेबंद मागते, ते संशयाने नव्हे. केशतज्ज्ञानेही तो मागितला पाहिजे आणि आपण तो खरा दिला पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचे. काळ्या मेंदीच्या आणि बहुतेक गडद रंगांच्या पुड्यांत पॅरा-फेनिलिनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते. त्याचा इतिहास आपल्या गावाशी दुरून जोडलेला आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी डांबरापासून पहिला कृत्रिम रंग बनवला. १८६९ मध्ये कृत्रिम लाल अलिझारिन आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात येण्याजोगी झाली, आणि आल व नीळ यांच्या उद्योगाला उतरती कळा लागली. त्याच रसायनशास्त्राच्या वाटेने १९०७ मध्ये पॅरिसमधील तरुण रसायनतज्ज्ञ यूजीन शुएलर यांनी केसांचा कृत्रिम रंग विकण्यास सुरुवात केली. आजची पुडी त्याचीच वंशज.

पीपीडीमुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते. डोक्याला खाज, कानांवर आणि कपाळावर पुरळ, पापण्यांना सूज, कधी श्वासाला त्रास. वर्षानुवर्षे काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे नाही. आणि एकदा शरीराने या रसायनाचा विरोध सुरू केला की तो बहुधा जन्मभर राहतो. अमोनिया नाही, याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही. आपल्या देशातील नियमांनुसार अशा पुडीवर त्वचेची पूर्वपरीक्षा करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरांत असते. प्रत्येक वेळी, नेहमीचीच पुडी असली तरी, रंगाचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास पाहावे. खाज, लाली, फोड यांपैकी काहीही दिसल्यास तो रंग वापरू नये. लावल्यानंतर सूज आली तर भरपूर पाण्याने धुऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. श्वास अडखळत असेल तर घरगुती उपायांत एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. भाभींची टाळू भाजली तेव्हा त्यांनी दोन दिवस कोणाला सांगितले नाही, कारण केस रंगवतो हेच सांगायचे नव्हते. लपवण्याची ही सवयच खरी घातक आहे.

अहिंसेच्या दृष्टीने एक समाधानाची गोष्ट. भारतात २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास आणि तशी चाचणी केलेल्या वस्तूंच्या आयातीसही बंदी घालण्यात आली. परंतु चाचणी नाही, याचा अर्थ प्राणिज घटक नाही असा होत नाही. रंगानंतरच्या कंडिशनरमध्ये केराटिन, रेशमाचे प्रथिन, लॅनोलिन, मध, मेण असू शकते. खाद्यपदार्थांवर जसा हिरवा ठिपका शोधतो, तसा तो येथे प्रत्येक वेष्टणावर सापडेलच असे नाही; म्हणून घटकांची यादी वाचावी आणि शंका असल्यास कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारावे.

दुरुस्त केलेला रंग टिकवायचा असेल तर ऊन आणि पाणी यांची काळजी घ्यावी. आपल्याकडील दुपारच्या उन्हाने रंग झपाट्याने विटतो. बाहेर पडताना पदर, ओढणी, टोपी काहीतरी डोक्यावर असावे. आपल्या भागात अनेक घरांत बोअरचे जड पाणी येते. त्यातील क्षार आणि लोह केसांवर बसून तांबूस झाक आणतात. आपण पाणी गाळून वापरतो, त्याने जीव वाचतात. विरघळलेले क्षार मात्र गाळण्यातून तसेच पार होतात. शेवटचे एक तांब्याभर पाणी तरी गोड्या विहिरीचे, नळाचे किंवा शुद्ध केलेले वापरावे. कढत पाण्याने केस धुऊ नयेत आणि रोज शांपू लावू नये.

शेवटी एक विनंती घरातील मोठ्यांना. आपले साधू-साध्वी केशलोच करून केसांचा मोहच सोडतात. आपण संसारी माणसे तेथवर पोचलेलो नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. कोणाला पांढरे केस तसेच ठेवायचे असतील तर त्याला म्हातारा म्हणून हिणवू नये. कोणाला रंगवायचे असतील तर तिला या वयात काय हौस, असे सुनावू नये. घरातील सुनेने, सासूने, दुकानातील भावाने केस रंगवले आणि झाक बिघडली, तर चार लोकांत हसण्याऐवजी उजेडात नेऊन नीट पाहावे, झाक लाल की नारिंगी ते सांगावे आणि पुढची पुडी उघडण्याआधी दोन आठवडे थांबण्याचा आग्रह धरावा. आणि जवळ कार्य असेल, वेळ उरला नसेल, तर त्या बाईचा हात धरून तिला छायाचित्रात मध्यभागी, तिच्या मुलीशेजारी उभे करावे. रंगाची दुरुस्ती पुढच्या महिन्यातही करता येते.